तीन भोकांची बाटली

१

काबाहेंडा गेली त्या गुरुवारी सकाळी रुसोके घरामागे केळीची वाळकी पानं कापत होता. रस्त्याने एक बाई ओरडत येत होती. बायकोच्या मैत्रिणीचा, कोबुसिंगेचा आवाज त्याने ओळखला आणि कोयता खाली ठेवला. पातं भिंतीकडे करून, नीट ठेवला. तेवढा वेळ आपण कशाला घालवला, असं पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं.

“अराली, चला! अड्येरी पडली! शेडमध्ये पडलीय!”

टोरो मुलखात कोणी कोणाला नुसत्या नावाने हाक मारत नाही, प्रत्येकाला एक लाडनाव असतं. रुसोकेचं अराली, काबाहेंडाचं अड्येरी, कोबुसिंगेचं अब्वोली.

किबासी गावाच्या टोकाला, चहाच्या मळ्याला लागून सुक्या कचऱ्याची शेड आहे. काबाहेंडा तिथे काचांच्या पिंपाजवळ पडली होती. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. हाताशी एक रिकामी प्लास्टिकची बाटली, आणि बाटलीला टोमॅटोवर फवारायच्या औषधाचा उग्र वास. मोटारसायकलवर मध्ये धरून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पायरीवरच तिची पापणी वर केली आणि परत खाली केली.

हवालदार ओडोंगने पंधरा मिनिटांत लिहून टाकलं. मयत बाईने औषधाची बाटली न धुता तिच्यात आंबील भरली, प्यायली, मेली. अपघात.

हे गावाला फार आवडलं. नऊ वर्षं त्या बाईने अख्ख्या किबासीला सळो की पळो करून सोडलं होतं. झाकण वेगळं करा, लेबल वेगळं करा, बाटली विसळा, वाळवा, मग आणा. ती आणि कोबुसिंगे धरून तिचे तीन सोबती ती शेड बिनपगारी चालवत, आणि घाण बाटली आणणाऱ्याला ती चारचौघांत झापायची. आता तीच न धुतलेल्या बाटलीने मेली. शुक्रवारी तिला पुरताना रुसोकेच्या हातात मूठभर माती होती आणि मागे दोन बायका कुजबुजत होत्या.

“दुसऱ्यांच्या बाटल्यांत नाक खुपसायची. स्वतःची नाही हुंगली.”

“हळू गं. ऐकेल तो.”

“ऐकू दे की.”

दुखवट्याचे दिवस सरल्यावर सोमवारी चर्चचे उपदेशक घरी आले. चहा प्यायले, खोकले आणि म्हणाले, “या रविवारी एक सूचना वाचणार आहोत, अराली. फवारणीच्या बाटल्या खाण्यापिण्याला वापरू नका, काबाहेंडाचं काय झालं ते बघा, अशी.”

“सूचना वाचा. नाव कशाला?”

“नाव घेतलं की लोकांच्या लक्षात राहतं. तीच तर असं म्हणायची.”

रुसोकेने त्यांचा रिकामा कप उचलला. तेहेतीस वर्षं चहाच्या कारखान्यात भट्टीवर काढलेला माणूस, शब्द त्याला वेळेवर सापडत नसत. त्याला एवढंच हवं होतं की बायकोचं नाव त्या कागदावर नसावं. हातात रविवारपर्यंतचे दिवस होते.

गुरुवारी ओडोंगने तिच्या वस्तू परत दिल्या. रबरी बूट, डोक्याचा रुमाल, चष्मा आणि गाठ मारलेल्या पिशवीत ती बाटली. न धुतलेली वस्तू घरात येऊ द्यायची नाही हा तिचा नियम. रुसोकेने तिचे रबरी हातमोजे चढवले, मागच्या नळाखाली बाटली धरली आणि नळ सोडला.

बाटली भरेना. पाणी त्याच्या पायांवर पडत होतं. त्याने बाटली उलटी केली.

तळाला तीन भोकं होती.

२

ओडोंग चौकीत भाजलेलं कणीस खात बसला होता.

“ही भोकं तू पाडलीस?” रुसोकेने विचारलं.

“मी कशाला पाडू? तिच्या हाताशी होती ती उचलली, पिशवीत घातली, गाठ मारली. गाठ तुम्हीच सोडली असणार.”

“तळ बघितला होतास?”

“बाटलीचा तळ कोण बघतं, अराली? वास आला, बस झालं.”

“मग हिच्यात आंबील भरून दाखव मला.”

ओडोंगने बाटली डोळ्यांसमोर धरली. तीन भोकांतून खिडकी दिसली. त्याने कणीस खाली ठेवलं.

“शेडवाल्यांनी नंतर पाडली असतील. ते पाडतात ना अशी?”

“नंतर कधी? तुझ्या पिशवीत होती ना?”

“अरे हो.” ओडोंगने बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “पण मग ती प्यायली कशातून?”

हा प्रश्न रुसोकेने नळापाशीच स्वतःला विचारला होता, आणि उत्तर त्याला माहीत होतं. नाचणीची आंबील रोज पहाटे तोच करायचा. आलं ठेचून घालायचा, लाल थर्मासमध्ये भरायचा आणि थर्मास तिच्या हातात द्यायचा. दहाच्या सुट्टीत ती त्यातून प्यायची. उरलेली घोटभर संध्याकाळी तो संपवायचा. नऊ वर्षांत तिने शेडमधल्या बाटलीतून पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

“तिचा थर्मास कुठाय?”

“कसला थर्मास? तिथे थर्मास नव्हता.”

“होता. मी भरून दिला होता.”

ओडोंगने चौकीचं दार लोटलं. “अराली, मी उत्तरेकडचा माणूस. तुमच्या गावात माझं कोणाशी वाकडं नाही, म्हणून सांगतो. हे दुसऱ्या कोणाजवळ बोलू नका. आंबील तुम्ही केली, थर्मास तुम्ही भरला, आणि आता थर्मास सापडत नाही. माझ्या साहेबाला विचारलं की विष कोणी घातलं, तर तो पहिलं नाव कोणाचं घेईल?”

रुसोके रस्त्यावर आला, मळ्याच्या वळणापर्यंत चालत गेला, आणि तिथे त्याला ते नीट कळलं. पहिलं नाव त्याचंच येणार होतं.

३

शेडला त्या दिवसापासून कुलूप होतं आणि किल्ली काटेबाकडे होती. काटेबा म्हणजे चौघांतला सगळ्यांत म्हातारा. जन्म शेतीच्या दुकानात औषधं विकण्यात गेला, आता शेडची शेगडी पेटवायचं काम त्याच्याकडे होतं. शुक्रवारी सकाळी त्याने कुलूप काढलं. पाठोपाठ, न बोलावता, पंचायतीचा सदस्य मुसिंगुझी आला. पांढरा शर्ट, पांढरे बूट. कागदोपत्री तोही शेडचा स्वयंसेवक होता.

“बरं झालं भेटलात,” मुसिंगुझी म्हणाला. “या जागेवर लग्नाचा हॉल बांधायचा ठराव आहे. आता अडवायला कोणी नाही. म्हणजे, वाईटच झालं, पण नाही.”

“त्या गुरुवारी तुम्ही इथे होतात.”

“नऊला आलो, ठरावाचं पत्र दिलं. तुमच्या मंडळींनी काय करावं? पत्र वाचलंच नाही. पाकिटाला प्लास्टिकची खिडकी होती ती फाडून वेगळी केली आणि कागद माझ्याच हातात देऊन म्हणाली, त्या ढिगात टाका. मी गेलो निघून. रागावलो होतो, हो. कोण नसतं रागावलं? तीन वेळा माझं नाव टांगलंय तिने तारेवर.”

फाटकाच्या वर एक तार बांधलेली होती. ज्याचा कचरा घाण, त्याचा कचरा त्याच्या नावाची चिठ्ठी लावून आठवडाभर त्या तारेवर लोंबायचा. अजूनही दुधाची एक आंबलेली पिशवी आणि माशाचा एक डबा तिथे होता. रुसोके शेडकडे कधी फिरकत नसे. चहा माझा, कचरा तिचा, असं तो म्हणायचा. तारेबद्दल त्याला एवढंच माहीत होतं की लोक तिला घाबरतात, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

त्याने बाटली पुढे केली. मुसिंगुझीने दोन बोटांनी धरली आणि फिरवली.

“फुटकी आहे ही. भोकं कसली?”

काटेबा एवढा हसला की त्याला बसावं लागलं. “नऊ वर्षं इथे फोटो काढून घेतोय, आणि विचारतो भोकं कसली! साहेब, शर्ट मळेल, घरी जा.”

मुसिंगुझी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गेला. ज्याला भोकं कशाची ते माहीत नाही, तो ती पाडणार नाही, एवढं रुसोकेने मनाशी धरलं.

मग तो ढिगांमधून फिरू लागला. लाल रंग शोधत होता. तो त्याला पत्र्याच्या ढिगात दिसला. थर्मासचं वरचं लाल नळकांडं, बाकीच्या डब्यांसारखंच पायाने चेपलेलं. काचांच्या पिंपात वरच पातळ, चकचकीत चांदीसारखे तुकडे होते, ती आतली बाटली. पेल्याचं झाकण झाकणांच्या पोत्यात. त्याची रबरी चकती रबराच्या खोक्यात.

चार ढिगांत चार तुकडे. तो काटेबाला म्हणाला, “ज्याला थर्मास लपवायचा होता, त्याने मळ्यात का नाही फेकला? मळा हाताच्या अंतरावर आहे.”

“इथल्या माणसाला फेकता येत नाही, अराली. वेगळं करावं लागतं.” हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते काटेबाला कळलं, आणि तो बाटली हातात घेऊन तिचा तळ बघत बसला.

“सांगा मला या भोकांचं,” रुसोके म्हणाला.

“औषधाची बाटली आली की पहिलं काम हे. तळाला तीन भोकं, म्हणजे कोणी परत काही भरून प्यायला नको. तुझ्या बायकोनेच शिकवलं. माझ्या झोपेत कोणी औषधाची बाटली हातात दिली तर मी आधी तीन भोकं पाडीन, मग कूस बदलीन.” त्याने भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. “तापल्या खिळ्याची आहेत. कडा वितळल्यात बघ. गार खिळ्याने तडा जातो.”

“त्या दिवशी शेगडी पेटवली होती?”

“कुठली? मी पहाटेपासून दवाखान्यात रांगेत, रक्तदाबासाठी. दुपारी आलो तेव्हा इथे सगळं उरकलं होतं. शेगडीत आदल्या दिवशीची राख.”

“दुसऱ्या कोणी पेटवली असेल.”

“मग राख माझी तशीच कशी राहील? मी ती चाळून ठेवतो. चाळलेलीच होती.”

“मग जुनी असेल. पिंजऱ्यातली.”

भोकं पाडलेल्या बाटल्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकायची पद्धत होती. काटेबाने तिकडे हनुवटीने दाखवलं. पिंजरा झाडून पुसून रिकामा होता. “ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी ट्रक आला आणि सगळ्या घेऊन गेला.”

रुसोके सावकाश बोलू लागला, कारखान्यात भट्टीचे आकडे वाचून दाखवायचा तसा. “म्हणजे इथे पाडली नाहीत. पिंजऱ्यातून काढली नाही. बाटली बाहेरून आली, भोकं पाडूनच आली. बाहेर कोण पाडतं?”

“बाहेर कोण पाडणार? टेकडीवरचे टोमॅटोवाले बाटल्या अब्वोलीच्या अंगणात टाकून जातात. ती बिचारी चुलीत खिळा तापवून घरूनच...”

म्हातारा मध्येच थांबला.

४

“नाही,” काटेबा म्हणाला. “अब्वोली नाही. एका ताटात जेवायच्या दोघी.”

रुसोके झाकणांच्या पोत्यावर टेकला. त्याला आणखी एक गोष्ट आठवत होती आणि ती बाहेर काढायची त्याची इच्छा नव्हती. नऊ वर्षं बाटल्या हुंगून काबाहेंडाचं नाक गेलं होतं. दोन वर्षांपासून तिला कशाचाच वास येत नव्हता. करपलेलं दूध नाही, रॉकेल नाही. शेडच्या बाईला वास येत नाही हे कळलं तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार, म्हणून तिने ते झाकून ठेवलं होतं. बाटल्या ती अजून नाकाशी धरायची आणि कोबुसिंगे समोरून डोळ्याने खूण करायची, चांगली की वाईट.

तसल्या उग्र वासाची आंबील ही बाई पिईल, अशी खात्री दोघांनाच असू शकत होती. त्यातला एक तो स्वतः होता.

“पण का?” तो म्हणाला. “का मारेल ती?”

काटेबाने फाटकाच्या तारेकडे पाहिलं. “तुला खरंच माहीत नाही? सगळ्या गावाला माहीत आणि नवऱ्याला नाही?”

“बोला.”

“जानेवारीतली गोष्ट. कोबुसिंगेच्या घरची पिशवी आली. तळाशी गोळ्यांच्या चार पांढऱ्या बाटल्या. लेबल खरवडलेलं, पण सगळं निघालं नव्हतं. आत कापूस तसाच. तुझी बायको म्हणाली, लेबल काढलेलं नाही, कापूस काढलेला नाही, नियम सगळ्यांना सारखा. घरच्या माणसाला सोडलं तर गाव काय म्हणेल? टांगल्या तारेवर. नाव लिहून.”

“कसल्या गोळ्या?”

“रक्तात तो रोग निघाला की जन्मभर घ्यायच्या असतात त्या. दवाखान्यात मागच्या दाराने देतात. त्या बाटल्या कोणीही ओळखतं, अराली. म्हणून तर लोक लेबलं खरवडतात.”

कोबुसिंगेला एकच मुलगी, कारुंगी. तीन आठवड्यांनी तिची लग्नाची पाठवणी होती. बकरे ठरले होते, साड्यांसारखे नेसायचे ते लांब झगे शिवून आले होते. मुलाकडची माणसं त्याच फाटकावरून चर्चला जायची.

“अब्वोलीने परत मागितल्या नाहीत?”

“मागितल्या ना. गुडघ्यांवर बसली. मी इथेच उभा होतो. तुझी बायको म्हणाली, आठवडा झाला की उतरवते.”

पुढचं रुसोकेला माहीत होतं, फक्त त्याचा तारेशी संबंध त्याला माहीत नव्हता. पाठवणी मोडली. कारुंगी मावशीच्या गावी गेली. तिथे तिने गोळ्या सोडल्या, हे काटेबाने आता सांगितलं. जूनमध्ये तिला आणलं ते पेटीतून. गाव मलेरिया म्हणालं. रुसोकेने त्या पेटीला खांदा दिला होता. काबाहेंडाने आलेल्या माणसांसाठी नाचणीची उकड घाटली होती, एवढी की तिचे दंड दोन दिवस दुखत होते. आणि पुढच्या सोमवारी कोबुसिंगे शेडमध्ये आली आणि नेहमीसारखी तिच्यासमोर बसली.

“तुम्ही इथे उभे होतात,” रुसोके म्हणाला. “तुम्ही काही बोलला नाहीत?”

“मी शेगडी पेटवतो, अराली,” काटेबा म्हणाला.

५

शनिवारी सकाळी कोबुसिंगे अंगणात भिजवलेला घेवडा सोलत बसली होती. रुसोकेने चेपलेलं लाल नळकांडं तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा दाणा घेतला.

“बसा. पत्र्याच्या ढिगातलं आहे ते.”

“तूच टाकलंस.”

“मग कुठे टाकू?”

तो बसला नाही. उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. बाटलीत आंबील राहूच शकत नव्हती. शेगडी गार होती, पिंजरा रिकामा होता. भोकं तापल्या खिळ्याची होती आणि बाहेर खिळा एकाच चुलीत असतो. शेवटी म्हणाला, “तिला वास येत नव्हता हे तिघांना माहीत होतं. त्यातली एक मेली.”

कोबुसिंगे दाणे सोलत राहिली. साल एका भांड्यात, दाणा दुसऱ्यात.

“भोकांचं मला तिला पुरताना लक्षात आलं,” ती म्हणाली. “बुधवारी संध्याकाळी औषध लहान शिशीत काढून घेतलं. चूल पेटलेली होती. खिळा चुलीतच असतो. बाटली रिकामी झाली आणि हातांनी आपलं काम केलं. मला कळलंसुद्धा नाही. सकाळी अंधारात पिशवीत टाकली ती तशीच. हे हात तिनेच शिकवलेत, अराली. दुसऱ्या कोणी मारलं असतं तर तुम्हाला पत्ता लागला नसता.”

“थर्मास का फोडलास?”

“उरलेली संध्याकाळी तुम्ही पिता.”

“ओतून टाकायची होतीस.”

“ते औषध धुतलं तरी जात नाही. तिला विचारायला हवं होतं तुम्ही, ती सांगायची सगळ्यांना.” तिने हात पुसले. “तुम्ही माझ्या पोरीला खांदा दिलात. तुमच्याशी माझं भांडण नव्हतं.”

रुसोकेला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. त्याने विचारला. “लगेच गेली?”

“नाही. अर्धा तास लागला.”

“आणि तू?”

“समोर बसले होते. माझ्या जागेवर. पाणी मागत होती.”

“दिलंस?”

“मी म्हटलं, आधी भांडं धू.”

अंगणात कोंबड्या सालींवर आल्या. तिने त्यांना हाकललं. रुसोकेला वाटलं आपण आता हिला मारू. पण हात वर येईना. तेवढ्यासाठी त्याला त्या अर्ध्या तासाकडे बघावं लागलं असतं.

“एवढंच सांग,” तो म्हणाला. “तिने माफी मागितली का?”

“मी तिला विचारलं होतं. त्या चार बाटल्या आठवतात का, म्हटलं. ती म्हणाली, कुठल्या बाटल्या?” कोबुसिंगेने पहिल्यांदाच मान वर केली. “खोटं नव्हती बोलत. मी तिला चाळीस वर्षं ओळखते. तिला खरंच आठवत नव्हतं.”

तो वळला तेव्हा ती मागून म्हणाली, “उद्या चर्चमध्ये सांगणार ना? सांगा. माझी बायको निष्काळजी नव्हती म्हणा. मग लोक विचारतील, मारली का? तेव्हा माझ्या पोरीचं नाव घ्यावं लागेल. आता कुठे लोक मलेरिया म्हणायला लागलेत. फार दिवस लागले त्यांना.”

“तू निघून जा. आजच.”

“कुठे जाऊ? ती घरामागे आहे.”

६

रविवारी चर्च भरलं होतं. कोबुसिंगे तिसऱ्या बाकावर, तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. चौथ्या बाकावर तो मुलगा होता, ज्याच्याशी कारुंगीचं लग्न ठरलं होतं. शेजारी त्याची नवी बायको, पोटुशी.

रुसोके रात्रभर विचार करून आला होता की बोलायचं नाही. एक सूचना, चार ओळी. लोक ऐकतील आणि विसरतील. ज्या बाईला त्या बाटल्या आठवल्या नाहीत, तिच्यासाठी मेलेल्या मुलीला पुन्हा टांगायचं नाही. हे त्याने पक्कं केलं होतं.

उपदेशकांनी चष्मा लावला आणि कागद उघडला. “फवारणीच्या बाटल्यांबद्दल एक सूचना. आपल्यातली काबाहेंडा अड्येरी हिने स्वतःच्या निष्काळजीपणाने...”

मागे कोणीतरी हसलं. लहानसं, नाकातून.

रुसोके उभा राहिला. “नाही,” तो म्हणाला. “ती बाटली तिची नव्हती. तिने कधी न धुतलेल्या भांड्यातून पाणी प्यायलं नाही. तिला विष दिलं. अब्वोलीने दिलं.”

माना कोबुसिंगेकडे वळल्या. मग मागून एका बाईने विचारलं, “पण का?”

त्याने तोंड मिटून घेतलं. त्याला वाटलं आपण एवढं तरी करू शकतो. पण त्याची गरजच नव्हती. शेवटच्या बाकावर कोणीतरी दुसरीच्या कानाशी लागलं, ती पुढचीच्या. जानेवारी. तार. चार पांढऱ्या. आणि मग ते नाव एका बाकावरून दुसऱ्या बाकावर पुढे येताना त्याने ऐकलं. कारुंगी. कारुंगी. चौथ्या बाकावर आलं तेव्हा त्या पोटुशा मुलीने नवऱ्याकडे वळून काहीतरी विचारलं. नवऱ्याने गाण्यांचं पुस्तक उघडलं. तिने त्याच्या मांडीवरचा हात काढून घेतला.

कोबुसिंगे उठली. गाण्यांचं पुस्तक बाकावर ठेवलं, झग्याची गाठ घट्ट केली आणि मधल्या वाटेने बाहेर गेली. प्रार्थनेला आलेला ओडोंग दारात उभा होता. त्याने बेड्या आणल्या नव्हत्या. ती पुढे चालली आणि तो तिच्या मागून चालला.

उपदेशकांनी तिथेच पेन काढून कागदावरचं नाव खोडलं आणि सूचना पहिल्यापासून वाचली.

रुसोकेला हवं होतं ते मिळालं. काबाहेंडा निष्काळजीपणाने मेली असं आता किबासीत कोणी म्हणत नाही. जे म्हणतात ते तो जवळ आला की थांबतात. चौकीत त्याने जबाब दिला, सही केली. कोबुसिंगेनेही सगळं कबूल केलं. कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, अरालीला विचारा. ओडोंगने त्याला विचारलं, आणि त्याने सांगितलं, कारण ओडोंगला तेवढी ओळ भरायची होती.

कोबुसिंगेच्या घराला आता कुलूप आहे. घरामागच्या केळीत कारुंगीला पुरलंय, आणि तिथलं गवत काढायला कोणी नाही. रुसोकेच्या दारापासून ती जागा चालत वीस मिनिटांवर आहे. तिची माफी मागायला तो अजून गेलेला नाही.